जुन्या कार्टून मालिकांमधील आवाजांची खात्रीलायक नोंद कशी करावी

दूरदर्शनवर १९९३ साली रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ पाहिलेल्या पिढीला शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा होता, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच गप्पांत बगीराचा विषय निघाला की कोणीतरी ठामपणे ओम पुरी यांचे नाव घेते. ओम पुरी बगीरासाठी बोलले आहेत हे खरे आहे, परंतु ते २०१६ साली आलेल्या डिस्नेच्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत. त्या चित्रपटातही शेरखानला नाना पाटेकर यांचाच आवाज होता आणि मालिकेचे गुलजार यांनी लिहिलेले, विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेले शीर्षकगीत त्या निमित्ताने पुन्हा कानांवर आले. त्यामुळे तेवीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन कामे लोकांच्या स्मरणात एकमेकांत मिसळली. ओम पुरी यांचे नाव हा चित्रपटाविषयीचा पुरावा आहे, मालिकेविषयीचा नाही. हा भेद ज्याला महत्त्वाचा वाटतो, त्याच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून केलेले बरे. नाशिकमध्ये हौशी नाट्यसंस्था, वाचनकट्टे आणि सोसायट्यांची सांस्कृतिक मंडळे यांची वाण नाही, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत वर्षानुवर्षे इतरांचे संवाद ऐकून ज्यांचे कान तयार झाले आहेत, अशी माणसे प्रत्येक वस्तीत सापडतात. अशा गटात त्या मालिका लहानपणी पाहिलेला एक तरी सदस्य असावा आणि त्या कधीही न पाहिलेला एक तरी असावा. कारण पहिल्याचा कान आठवणीने भारलेला असतो आणि दुसऱ्याचा कोरा असतो. या जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगपेटीच्या काड्या पडद्यावर हलवून दाखवल्या, तेव्हा त्यांना आवाज देण्याचा प्रश्नच नव्हता. त्या मूकपटाच्या नोंदीत एक अडचण तरी कमी आहे, असे म्हणता येईल.

आधी आवृत्ती ठरवावी

सर्वांत अधिक चुका पहिल्याच ओळीत होतात, कारण लोक मालिकेचे नाव लिहितात आणि त्यापुढे कलावंतांची नावे लिहू लागतात. नोंदीचे एकक मालिका नसून विशिष्ट भाषेतील विशिष्ट आवृत्ती, आणि शक्य तेथे विशिष्ट भाग, हे असले पाहिजे. ‘जंगल बुक’चेच उदाहरण घ्यावे. ही मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने तयार केली, ती १९८९ ते १९९० या काळात जपानमध्ये प्रसारित झाली आणि तिचे ५२ भाग आहेत. मूळ जपानी आवृत्तीत मोगलीचा आवाज उरारा ताकानो या अभिनेत्रीचा आहे. इंग्रजी आवृत्तीचा कलावंतसंच वेगळा, हिंदीचा त्याहून वेगळा. ‘मोगलीचा आवाज कोणाचा’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. त्याला भाषेगणिक उत्तर आहे, आणि वहीत प्रत्येक भाषेसाठी वेगळे पान असावे.

भाषा एक असली तरी आवृत्ती एकच असेल असे नाही. जुन्या मालिका दुसऱ्या वाहिनीकडे गेल्यावर किंवा पुन्हा प्रकाशित झाल्यावर कधीकधी नव्याने डब होतात. आपल्याकडील प्रत कोठून आली, तिच्या आरंभी कोणत्या वाहिनीचे किंवा कंपनीचे बोधचिन्ह दिसते, शीर्षकगीत तेच आहे का, हे सर्व ऐकण्यापूर्वी टिपून ठेवावे.

प्रत मिळवणे आणि जपणे

ज्या घरांत नव्वदच्या दशकात व्हीसीआर होता, त्या घरांतील माळ्यावर रविवारच्या कार्यक्रमांच्या व्हीएचएस कॅसेट अजून सापडतात. जाहिरातींसह ध्वनिमुद्रित झालेली अशी घरगुती कॅसेट बाजारातील स्वच्छ प्रतीपेक्षा नोंदीसाठी अधिक मोलाची असते, कारण कोणती आवृत्ती केव्हा प्रसारित झाली याची साक्ष तीच देते. पावसाळ्याचे चार महिने दमट कपाटात काढलेल्या फितीवर, विशेषतः जुन्या नाशिकमधील वाड्यांत, पांढरट बुरशी धरलेली असते. कॅसेटच्या खिडकीतून ती दिसली, तर कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, पसरते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. फीत चांगली असल्यास व्हीसीआर, जोडतारा आणि चित्र व ध्वनी संगणकात उतरवणारे यूएसबी कॅप्चर कार्ड एवढ्यावर भागते. ध्वनी ४८ किलोहर्ट्झला, आकुंचन न करता, वेव्ह स्वरूपात साठवावा. चित्र थोडे कमी दर्जाचे चालेल, कारण आपले काम कानांचे आहे.

येथे एक तांत्रिक गोष्ट माहीत नसेल, तर पुढील सर्व तुलना फसतात. अमेरिकी कार्टून फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी या वेगाने तयार होत असत, तर भारतात वापरली गेलेली पाल ही दूरचित्रवाणी पद्धत सेकंदाला २५ चौकटी दाखवते. ही फिल्म पालमध्ये उतरवताना तिचा वेग सरसकट २४ वरून २५ केला, तर कार्यक्रम सुमारे चार टक्क्यांनी जलद धावतो आणि आवाजही चढतो. ही चढ षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यातील अंतराच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकी असते. एवढ्या फरकाने पन्नाशीचा माणूस चाळिशीचा वाटू शकतो आणि कानाला तो दुसराच कलावंत भासतो. प्रत्येक प्रतीत हा दोष नसतो. त्याची परीक्षा सोपी आहे: एकच प्रसंग दोन प्रतींत घड्याळ लावून मोजावा; एकीत तो साठ सेकंदांचा आणि दुसरीत साडेसत्तावन्नच्या जवळपास भरला, तर कारण हेच समजावे. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत वेग आणि सूर एकत्र बदलण्याची सोय आहे. तिने जलद प्रतीचा वेग चार टक्क्यांनी उतरवून मगच तुलनेला बसावे.

श्रेयनामावली वाचण्याची रीत

मालिकेच्या शेवटी धावणारी नावे थांबवून, जशीच्या तशी, त्याच क्रमाने उतरवून घ्यावीत, आणि हे एका भागापुरते न करता निदान पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या भागांसाठी तरी करावे. श्रेयनामावलीत अनेकदा नुसती नावे असतात, कोणते पात्र कोणाचे हे नसते. ती जोडणी आपण आपल्या मनाने करू नये.

नामावलीत नाव नाही म्हणजे त्या व्यक्तीने काम केले नाही, असा अर्थही काढू नये. चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या आणि पुढे दूरचित्रवाणीवर आलेल्या वॉर्नर ब्रदर्सच्या लघुपटांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. या पटांतील पात्रांना आवाज देणारे मेल ब्लँक यांनी वेतनवाढ मागितली, निर्माते लिऑन श्लेसिंगर यांनी ती नाकारली आणि त्याऐवजी पडद्यावर नाव देण्याचे मान्य केले. परिणामी अनेक वर्षे आवाजासाठी एकट्या ब्लँक यांचेच नाव झळकत राहिले, आणि त्यांतील एल्मर फड या पात्राचा आवाज देणारे आर्थर क्यू. ब्रायन त्याच पटांत निनावी राहिले. ती पाटी वाचून ‘सर्व आवाज ब्लँक यांचे’ असे लिहिणारे आजही भेटतात.

हिंदी आवृत्त्यांत तर डबिंगच्या कलावंतांची पाटी कित्येकदा नसतेच. अशा वेळी छापील साधनांकडे वळावे. ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’ यांसारख्या येथील दैनिकांत दूरदर्शनचे कार्यक्रम छापले जात. त्यांवरून प्रसारणाचा दिवस पक्का करता येतो. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे नाशिककरांच्या ‘सावाना’त, जुन्या अंकांची आणि नियतकालिकांची चौकशी करावी. मुलाखतीत एखाद्या अभिनेत्याने ओघात सांगितलेले एक वाक्य येथे हाती लागले, तर ते दहा ठिकाणी उतरवलेल्या यादीहून वजनदार असते. पान, तारीख आणि अंक तेथेच लिहून घ्यावेत. घरी येऊन आठवू म्हटले की आठवत नाही.

कान कसा लावावा

आवाज ओळखताना नवखा माणूस आवाजाच्या पोताकडे लक्ष देतो: जाड, किनरा, घोगरा. आवाजाचा कलावंत नेमका हाच भाग बदलण्यात तरबेज असतो. बदलायला अवघड असतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. वाक्याच्या आरंभी श्वास कसा घेतला जातो, ‘स’ आणि ‘श’ यांचे घर्षण किती लांबते, प्रश्नाचा शेवट वर जातो की मध्येच सोडून दिला जातो, हसू पोटातून येते की नाकातून, आणि बोलता बोलता पात्र चिडले की मूळ आवाज कोठे डोकावतो, हे ऐकावे. ओरडणे, खोकणे आणि गुणगुणणे या जागा फार उपयोगी आहेत, कारण तेथे सोंग सैल होते.

सरावासाठी मूळ इंग्रजीतील ‘डकटेल्स’चा एखादा प्रसंग घ्यावा. १९८७ साली सुरू झालेली ही मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर हिंदीत आली होती. पडदा झाकून प्रसंग ऐकवावा आणि ह्युई, ड्युई, लुई हे तिघे भाऊ व छोटी वेबी यांच्या संभाषणात किती माणसे बोलत आहेत, हे प्रत्येकाने कागदावर लिहावे. उत्तर एक आहे: या चौघांचेही आवाज रसी टेलर यांनी दिले आहेत. दुसरा सराव डॉन मेसिक या आवाजाच्या कलावंताचा आहे. ‘द जेट्सन्स’मधील कुत्रा ॲस्ट्रो १९६२ चा आणि स्कूबी-डू १९६९ चा, दोघेही शब्दांच्या आरंभी ‘र’ लावून गुरगुरल्यासारखे बोलतात आणि दोघेही मेसिक यांचेच. ज्याला हे दोन कुत्रे एका माणसाचे आहेत हे प्रथम ऐकताच कळते, त्याच्याकडे गटातील श्रवणाचे काम बिनदिक्कत सोपवावे.

मूळ आवृत्ती आणि डब केलेली आवृत्ती यांना एकच कसोटी लावणे मात्र चुकीचे ठरेल. अमेरिकेत आवाज आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्रकार त्या आवाजानुसार ओठ व हावभाव रेखाटतात, म्हणून तेथे बोलण्याची लय पूर्णपणे कलावंताची असते. जपानमध्ये बहुधा चित्र आधी तयार होते आणि आवाज नंतर भरला जातो. डबिंगमध्ये तर हलणारे ओठ आधीच ठरलेले असतात आणि वाक्य त्यांत बसवावे लागते. तेथील विराम, घाई आणि लांबवलेले स्वर हे अनुवादकाच्या आणि पडद्याच्या सोयीने येतात. म्हणून हिंदी ‘जंगल बुक’मध्ये लयीवरून माणूस ओळखण्याचा प्रयत्न करू नये, उच्चारावरून करावा. शेरखान निःसंशय ओळखू येतो, तो नाना पाटेकर यांनी शब्दांवर दिलेल्या त्या विशिष्ट दाबामुळे, आणि तो दाब ओठांच्या मापात बसवूनही टिकला, हे त्या कामाचे खरे कौतुक आहे. डरकाळ्यांविषयी मात्र काहीच लिहू नये. डबिंगच्या वेळी संगीत आणि ध्वनिपरिणामांचा पट्टा कित्येकदा मूळचाच ठेवला जातो, आणि गुरगुर, किंकाळी किंवा हुंदका त्या पट्ट्यातून जसाच्या तसा येऊ शकतो.

प्रत्येकाने आपले मत स्वतंत्रपणे लिहून, कागद दुमडून द्यावा. एकाने मोठ्याने नाव घेतले की सर्वांना तोच आवाज ऐकू येऊ लागतो, आणि तो वडीलधारा असला तर वादच मिटतो. बैठका शक्यतो हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्याव्यात. गणपतीच्या आधीचे आठवडे टाळावेत. सायंकाळी मैदानांवर ढोलपथकांचा सराव सुरू झाला, की नाशिकमध्ये श्वासाचा आवाज ऐकण्याच्या गोष्टी करणे व्यर्थ आहे.

एक पात्र, अनेक आवाज

लांबलेल्या मालिकांत आवाज बदलतात आणि बदल लपवणे हेच नव्या कलावंताचे काम असते. अश्मयुगातील दोन शेजारी कुटुंबांवरची ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही अमेरिकी मालिका या दृष्टीने जितकी तपासावी तितकी थोडी आहे. १९६० ते १९६६ या काळात तिचे १६६ भाग झाले. फ्रेडचा आवाज ॲलन रीड यांचा, विल्माचा जीन व्हँडर पिल यांचा, बेटीचा बी बेनाडरेट यांचा आणि बार्नीचा मेल ब्लँक यांचा, अशी सरळ यादी सर्वत्र दिसते. ती चुकीची नाही, अपुरी आहे.

मालिका सुरू होण्यापूर्वी केलेल्या नमुना-चित्रफितीत फ्रेड आणि बार्नी हे दोन्ही आवाज डॉज बटलर यांचे होते. २४ जानेवारी १९६१ रोजी लॉस एंजेलिसमधील सनसेट बुलेव्हार्डवर ब्लँक यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला आणि ते बरेच दिवस बेशुद्ध होते. त्या काळात बार्नीसाठी बटलर यांना पुन्हा बोलावण्यात आले. पुढे ब्लँक प्लास्टरमध्ये जखडलेले असतानाच त्यांच्या पलंगापाशी ध्वनिमुद्रणाची व्यवस्था करून काम सुरू झाले. बटलर यांचा बार्नी दुसऱ्या हंगामातील काही भागांत ऐकू येतो, म्हणजे अपघातानंतर कित्येक महिन्यांनी. कारण ध्वनिमुद्रण आणि प्रसारण यांत चित्रे रेखाटण्याचा काळ जातो. प्रसारणाच्या तारखेवरून कलावंत ठरवणे किती धोक्याचे आहे, हे येथे कळते. त्यातच खुद्द ब्लँक यांचा बार्नीही आरंभी अधिक नाकातला आणि पुढे जाड होत गेला. म्हणजे आवाज बदलला म्हणून माणूस बदलला असे नाही, आणि माणूस बदलला तरी आवाज फारसा बदलला नाही, असे दोन्ही प्रकार एकाच पात्रात आहेत.

१९६४ मध्ये बेटीसाठी जेरी जॉन्सन आल्या. १९७७ साली ॲलन रीड यांच्या निधनानंतर फ्रेडचे काम हेन्री कॉर्डन यांच्याकडे गेले, परंतु १९६६ च्या चित्रपटात फ्रेडच्या गाण्याचा आवाज त्याआधीच कॉर्डन यांनी दिला होता. म्हणून वहीत बोलण्याचा आणि गाण्याचा आवाज यांसाठी दोन रकाने ठेवावेत. भारतीय प्रेक्षकाला पार्श्वगायनाची सवय असल्याने हे समजावून सांगावे लागू नये, तरीही हा रकाना बहुतेक याद्यांत नसतो.

‘स्कूबी-डू’च्या पहिल्या हंगामात डॅफनीचा आवाज स्टेफनिआना क्रिस्टोफरसन यांचा आहे आणि दुसऱ्यापासून हेदर नॉर्थ यांचा, या दोन्ही हंगामांत शॅगीसाठी केसी केसम आणि त्या मालिकेतील फ्रेडसाठी (हा फ्लिंटस्टोन्सचा फ्रेड नव्हे) फ्रँक वेल्कर कायम राहिले. याच वेल्कर यांनी २००२ पासून खुद्द स्कूबीचाही आवाज द्यायला सुरुवात केली. जपानी ‘डोरेमॉन’मध्ये बदल याहून स्पष्ट आहे: १९७९ पासून नोबुयो ओयामा यांनी सांभाळलेले पात्र एप्रिल २००५ मध्ये वासाबी मिझुता यांच्याकडे गेले आणि त्यांच्यासह मुख्य पात्रांचा सर्व संचच बदलला. अशा मालिकेची नोंद सोपी, कारण रेघ एकच ओढायची असते.

कलावंतांना विचारताना

नाशिकच्या हौशी रंगभूमीवरून मुंबईच्या डबिंग स्टुडिओत गेलेली मंडळी नाट्यवर्तुळात परिचयाची असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचता आले, तर आधी पत्र किंवा संदेश पाठवून वेळ मागावी, आणि प्रश्न असा विचारावा की ज्यात उत्तर दडलेले नसेल. ‘बल्लू तुम्हीच केला होता ना?’ असे विचारल्यास सौजन्याने होकार मिळू शकतो. त्याऐवजी, ‘सर, त्या काळात आपण कोणकोणत्या मालिकांसाठी बोललात आणि कोणती पात्रे आठवतात?’ असे विचारून थांबावे. मग प्रसंग ऐकवावा आणि पुन्हा विचारावे. डबिंगमध्ये एका दिवसात अनेक किरकोळ पात्रे उरकली जातात. तीस वर्षांनंतर स्वतःचाच आवाज ओळखू न येणे यात नवल नाही, आणि तसे झाल्यास आग्रह धरू नये. सहकलावंतांविषयी त्यांनी सांगितलेले ऐकीव म्हणून वेगळे लिहावे. दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते वहीत उतरवू नयेत.

वही कशी मांडावी

प्रत्येक ओळीत मालिका, भाषा, हंगाम आणि भाग, पात्र, बोलण्याचा आवाज, गाण्याचा आवाज, पुरावा आणि नोंदीची तारीख असावी. पुराव्याच्या रकान्यात ‘पडद्यावरील पाटी’, ‘छापील मुलाखत’, ‘कलावंताचे प्रत्यक्ष कथन’ किंवा ‘केवळ श्रवण’ यांपैकी एक लिहावे. केवळ श्रवणावर आधारलेले नाव पेन्सिलने लिहावे, मग गटातील सर्वांचे कितीही एकमत होवो. पुरावा नसल्यास ‘अज्ञात’ लिहावे; रकाना रिकामा दिसतो म्हणून इंटरनेटवर फिरणारे नाव त्यात भरू नये, कारण एकमेकांवरून उतरवलेल्या पाच याद्या म्हणजे पाच पुरावे होत नाहीत.

प्रसंगांच्या ध्वनिफिती गटापुरत्या ठेवाव्यात, त्या इंटरनेटवर टाकू नयेत. सभागृहात जाहीरपणे भाग दाखवायचा असेल, तर हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. वहीची एक प्रत दुसऱ्या सदस्याच्या घरी असू द्यावी. दुरुस्ती करताना जुने नाव खोडरबराने न पुसता त्यावर एक रेघ ओढावी आणि शेजारी नवे नाव, नवा पुरावा व तारीख लिहावी, म्हणजे पुढे कोणी जुनेच नाव घेऊन आले, तर ते कोणत्या कारणाने वगळले होते हे त्याला त्याच पानावर दाखवता येईल.